ऑफिसातल्या भेटी आणि भोचक चौकश्या: नातं न बिघडवता दोन्ही कसं निभवायचं

वर्षअखेर जवळ आली, सुट्ट्यांचे वेध लागले की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘यंदा सीक्रेट सँटा करतोय. सक्ती नाही, पण कुणी मागे राहू नका!’ म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या, आणि आपल्या चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. ज्यांना भेटी द्यायला-घ्यायला मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी ही आनंदाची बातमी असते. पण प्रत्येक टीममध्ये दोन-चार जण असे असतात की हा मेसेज वाचून त्यांच्या पोटात गोळा येतो. कुणाचा महिना आधीच ओढाताणीचा असतो. कुणाच्या घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं. कुणाच्या श्रद्धेत तो सण बसत नाही. आणि कुणाला काहीही विशेष कारण नसताना हा प्रकार आवडत नाही. तेवढंही पुरेसं आहे.

नाही म्हणणं एकवेळ जमतं. त्यामागून येणारं ‘का गं?’ जड जातं. त्या ‘का’चं खरं उत्तर पैशाचं, घरचं, तब्येतीचं किंवा मनातलं असतं, आणि ते एकदा तोंडातून गेलं की संध्याकाळपर्यंत चार टेबलांवर पोचतं. म्हणून भेटींचा त्रास आणि भोचकपणाचा त्रास मी वेगळे धरत नाही. दोन्हींवर पहिला उपाय एकच: कारण न देता नाही म्हणता यायला हवं. स्वतःला ते जमवायचं, आणि आयोजन आपल्या हातात असेल तर इतरांनाही तसं म्हणता येईल अशी सोय करून ठेवायची.

आधी ठरवा, नेमकं काय खुपतंय

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. भेट दिसायला खुशीची दिसते, पण तिच्यामागे तीन बंधनं असतात, असं त्याने त्यात मांडलं: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावं लागतं. घरात आणि मित्रांत ही बंधनं आपण सहज पेलतो, कारण ती माणसं आपली असतात. ऑफिसात शेजारी कोण बसणार हे आपण ठरवलेलं नसतं, आणि त्यांतलाच कुणीतरी आपलं वार्षिक मूल्यमापन लिहिणार असतो. तिथे हीच तीन बंधनं जड होतात.

त्यामुळे ‘मला हे सगळंच नको’ असं म्हणण्याआधी थोडं थांबून शोधा. पैसे खुपत असतील तर रकमेची मर्यादा कमी झाली की प्रश्न मिटतो. सगळ्यांसमोर भेट उघडायची लाज वाटत असेल तर ती घरी नेऊन उघडायची मुभा पुरते. एखाद्या ठरावीक माणसाला भेट द्यायची नसेल तर आयोजकाशी एकट्याने बोलून नाव बदलून घेता येतं. दर वर्षी आयोजन तुमच्याच गळ्यात पडत असेल तर भेटींना दोष देण्यात अर्थ नाही, काम वाटून घ्यायला हवं. आणि या सगळ्यातून पूर्ण बाहेर राहायचं असेल, तर तसं स्पष्ट ठरवा. ‘बघू’, ‘जमलं तर’, ‘शेवटी सांगते’ ही उत्तरं सगळ्यांत जास्त त्रास देतात. आयोजक तुम्हाला धरून हिशेब करतो आणि शेवटच्या दिवशी तुमच्या नावाने चिठ्ठी निघालेली असते.

नाही म्हणायचं: कधी, कुठे आणि किती शब्दांत

चिठ्ठ्या निघण्याआधी सांगा. चिठ्ठ्या निघाल्यावर बाहेर पडलात तर कुणाच्यातरी हातात भेटच येणार नाही, आणि मग नाराजी तुमच्यावर येईल ती रास्त असेल. मेसेज आला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांगितलेलं ‘नाही’ कुणाच्या फारसं लक्षातही राहत नाही.

ग्रुपवर सांगू नका. ग्रुपवरचा नकार म्हणजे पंधरा जणांना दिलेलं आमंत्रण: कुणी डोळे मोठे केलेला इमोजी टाकतो, कुणी ‘अरे असं काय!’ लिहितो, आणि तुम्हाला चारचौघांत खुलासा करावा लागतो. आयोजकाला एकट्याला गाठा किंवा वैयक्तिक मेसेज करा. दोन ओळी पुरतात:

‘सीक्रेट सँटामध्ये या वर्षी माझं नाव धरू नकोस. तुम्ही सगळे छान करा, कार्यक्रमाला मी येईन.’

या दोन ओळींत कारण नाही, माफी नाही आणि दुसऱ्याच्या उत्साहावर टीकाही नाही. ‘असल्या गोष्टी मला फालतू वाटतात’ असं म्हणायचा मोह आवरा. समोरच्याने त्यासाठी स्वतःचा वेळ घातलेला असतो. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे: भेटी नाकारल्या म्हणजे माणसं नाकारली असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून कार्यक्रमाला जाता येत असेल तर थोडा वेळ जा. खुर्च्या लावायला मदत करा, फोटो काढा, गप्पा मारा. जायचं नसेल तर ते वाक्य गाळा.

कारण का द्यायचं नाही, हे नीट समजून घेतलं की वाक्य डळमळत नाही. कुठलंही कारण दिलं की समोरच्याला ते सोडवायची संधी मिळते. पैशाचं सांगितलं तर ‘अगं, मी भरते ना तुझे!’ वेळेचं सांगितलं तर ‘तुझ्यासाठीची वस्तू मीच आणते.’ ‘मला सुचत नाही’ म्हटलं तर यादी हातात येते. यात वाईट हेतू नसतो, बहुतेकदा प्रेमच असतं. पण आता तुम्हाला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं, तेही एका उपकाराला, आणि भिडेपोटी तोंडातून ‘बरं’ निघून जातं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अनुभवाला येतं. खोटं कारण तर मुळीच नको. पुढच्या वर्षी तेच खोटं आठवून पुन्हा सांगावं लागतं.

मग समोरचा आग्रह करतोच. तेव्हा नवं वाक्य शोधू नका, तेच पुन्हा म्हणा:

‘अगं, पण का? सगळे आहेत!’
‘हो, माहितीये. या वर्षी मी नाही.’
‘काही झालंय का? कुणी काही बोललं का?’
‘नाही गं, तसं काही नाही. माझं नाव तेवढं सोड.’
‘सरांना काय वाटेल?’
‘त्यांनी विचारलं तर मी बोलेन त्यांच्याशी. बरं, त्या फाइलचं काय झालं?’

आवाज चढवायचा नाही, चेहरा पडू द्यायचा नाही, आणि तिसऱ्या वेळी विषय बदलायचा. आग्रह करणाऱ्यालाही दर वेळी नवा मुद्दा लागतो. तुम्ही तो पुरवला नाहीत की बोलणं आपोआप आटतं. पहिल्या वर्षी थोडं अवघड जातं. पुढच्या वर्षी लोकांना सवय झालेली असते.

वर्गणीचा पेच

चिठ्ठ्यांपेक्षा मला वर्गणी जास्त त्रासदायक वाटते, कारण तिला शेवट नसतो. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बाळ, कुणाचा निरोप, आणि वर्षअखेरीस साहेबांची भेट. यादी हातोहात फिरते, प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो, आणि आपल्या आधीच्या माणसाने किती लिहिलं ते पाहूनच आपला आकडा ठरतो.

स्वतःपुरता नियम असा ठेवता येतो: वर्षभरासाठी एक रक्कम मनाशी ठरवा, तिच्यातूनच द्या, ती संपली की थांबा. यादी समोर आली तर ‘या वेळी मी नाही’ एवढंच म्हणून पुढे द्या. पैशाऐवजी शुभेच्छापत्रावर मनापासून चार ओळी लिहिल्या तरी त्या माणसाला तुमच्या भावना पोचतात.

वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी मात्र होऊच नये असं मला वाटतं. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याला हाताखालच्यांनी पैसे काढून भेट देणं कितीही प्रेमाचं असलं, तरी न देणाऱ्याला धाकधूक राहतेच. अमेरिकेच्या केंद्र सरकारी सेवेत वरिष्ठांना भेट देण्यावर आणि तिच्यासाठी सहकाऱ्यांकडे वर्गणी मागण्यावर नियमानेच बंधन आहे. मोजके अपवाद सोडले तर तसं करता येत नाही. तुमच्या ऑफिसात असा नियम नसेल तरी सुचवता येतं: ‘सरांसाठी वस्तू नको, सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड करूया.’ तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल तर याहून सोपं आहे. टीमला आधीच सांगून टाका की माझ्यासाठी काहीही आणू नका. हे तुम्हीच सांगायला हवं, कारण तुमच्या हाताखालचं कुणी ते सांगू शकत नाही.

वर्गणी गोळा करायचीच असेल तर यादीऐवजी पाकीट फिरवा. बंद पाकिटाला फक्त छोटी फट ठेवायची आणि ते प्रत्येकाच्या टेबलावर जाऊ द्यायचं. कुणी किती टाकले, टाकले की नाही, हे कुणालाच कळत नाही. मोबाइलवरून पैसे घेत असाल तर ते एकाच माणसाच्या खात्यात यावेत, आणि त्याने कुणाचे आले, कुणाचे राहिले हे ग्रुपवर लिहू नये. ‘अजून पाच जणांचे बाकी आहेत’ असा मेसेज म्हणजे चारचौघांत केलेली वसुली.

भाग घेतलात तर: भेट कशी निवडायची

भाग घ्यायचं ठरवलंत की मग खळखळ नको. पण काय घ्यावं या विचाराने हैराण होण्याचीही गरज नाही. देणाऱ्याला वाटतं की जितकी महाग वस्तू, तितकी समोरच्याला जास्त आवडेल. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देणाऱ्यांची हीच समजूत दिसली, पण घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही. त्याआधी, १९९३ साली, जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने विद्यार्थ्यांना त्यांना मिळालेल्या भेटींचं मोल विचारलं होतं. देणाऱ्याने जेवढे पैसे घातले, त्याच्या एक दशांश ते एक तृतीयांश मोल घेणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत हरवतं, असा त्याचा अंदाज निघाला. घरच्या माणसांच्या भेटींतही अशी घट होत असेल, तर आडनावापलीकडे ज्याची ओळख नाही अशा सहकाऱ्यासाठी अंदाजाने घेतलेल्या वस्तूचं काय होणार!

म्हणून विचारा. आयोजकाकडे प्रत्येकाच्या दोन-तीन इच्छांची यादी असेल तर तिच्यातलीच वस्तू घ्या. ‘यादीतलं दिलं तर त्यात माझं काय?’ ही शंका मनातून काढून टाका. मागितलेली वस्तू मिळाल्यावर घेणाऱ्याला ती जास्त भावते, असं फ्लिन आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०११ सालच्या अभ्यासातही दिसलं. यादी नसेल तर रोज वापरून संपणारी किंवा टेबलावर कामी येणारी साधी वस्तू बरी. घरात जागा अडवणारी वस्तू समोरच्यावर बोजा टाकते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. कपडे, वजन, त्वचा, केस, वय यांच्याशी संबंध येणारी कुठलीही वस्तू नको, कितीही चांगल्या मनाने घेतली तरी. सुगंध, दारू, धार्मिक वस्तू, स्वभाव सुधारण्याची पुस्तकं नकोत. लग्न, मूल, घटस्फोट यांवरून गंमत करणारी वस्तू तर अजिबातच नको. खाण्याची वस्तू द्यायची तर पथ्य आणि ॲलर्जी आयोजकामार्फत विचारून घ्या. साहेबांचं नाव आलं तर मर्यादा तीच ठेवा, एक पैसाही वर नको. ज्याच्याशी पटत नाही त्याचं नाव आलं तर यादीतली वस्तू, नीट गुंडाळलेली, वर फक्त शुभेच्छा. आडून सुनावणारी चिठ्ठी मध्ये सरकवू नका.

मिळालेली भेट आवडली नाही, किंवा भेट अनपेक्षित आली

न आवडलेल्या भेटीला ‘लक्षात ठेवून आणलंस, छान वाटलं’ एवढं म्हणणं खरंही असतं आणि पुरेसंही. ती वस्तू पुढे कुणाला द्यायची असेल तर ऑफिसच्या बाहेर द्या. त्याच मजल्यावर फिरवलेली भेट कधीतरी मूळ मालकासमोर येते.

ठरलेलं नसताना कुणी अचानक भेट हातात ठेवली तर आभार माना आणि तिथेच थांबा. त्याच दिवशी धावत जाऊन परतफेडीची वस्तू आणलीत तर पुढच्या वर्षी दोघांनाही सुटका नाही. काही दिवसांनी दोन ओळींची चिठ्ठी लिहिलीत तर ऋण उरत नाही. ही भेट बाहेरच्या पुरवठादाराकडून, ग्राहकाकडून किंवा तुमच्या हाताखालच्या माणसाकडून आली असेल तर गोष्ट वेगळी. कंपनीचा नियम पाहा, वरिष्ठांना लेखी कळवा, आणि नियमात बसत नसेल तर ‘कंपनीच्या नियमामुळे घेता येत नाही’ म्हणून सौजन्याने परत करा. इथे कारण सांगणंच योग्य आहे, कारण ते नियमाचं आहे, तुमचं नाही.

आणि भेटीच्या नावाखाली अपमान आला तर? शरीरावर, जातीवर, धर्मावर, लग्न न झाल्यावर टोमणा मारणारी वस्तू सगळ्यांसमोर हातात आली तर हसून साजरी करण्याचं बंधन तुमच्यावर नाही. ‘हे मला आवडलेलं नाही’ असं शांतपणे म्हणून ती बाजूला ठेवा. नंतर वस्तूचा फोटो काढा, तारीख आणि हजर असलेल्यांची नावं टिपून ठेवा आणि वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जा. ‘मस्करी होती’ हे उत्तर येईल. त्यावर एवढंच म्हणा की मस्करी माझ्यावर होती आणि मला ती सहन झाली नाही.

आयोजन तुमच्याकडे असेल तर

खरा बदल इथेच घडवता येतो. आयोजकाने पहिल्या मेसेजमध्ये चार वाक्यं नीट लिहिली तर निम्मे त्रास जन्मालाच येत नाहीत.

पहिली गोष्ट: ज्यांना यायचंय त्यांनीच नाव द्यावं. ‘ज्यांना नको त्यांनी कळवा’ असं कधीही लिहू नका. त्याने नकार देणाऱ्यांची यादी तयार होते आणि ती कुठेतरी फिरतेच. मेसेज असा करता येईल: ‘ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत मला वैयक्तिक मेसेज करा. ज्यांनी केला नाही त्यांना मी विचारणार नाही.’ दुसरं वाक्य लिहिल्यावर ते पाळा. कॅन्टीनमध्ये गाठून ‘तुझं नाव आलं नाही अजून’ असं म्हणू नका.

रकमेला फक्त वरची मर्यादा ठेवा, खालची नको. आणि ती टीममधल्या सगळ्यांत कमी पगार असलेल्या माणसाला जड जाणार नाही अशी असू द्या. हाताने बनवलेली वस्तू चालेल, असं आवर्जून लिहा. भेटी एकमेकांच्या हातून हिसकावण्याचा खेळ काही ठिकाणी खेळतात. ज्यांची एकमेकांशी घट्ट मैत्री आहे तिथे तो रंगतो, पण नव्या आणि बुजऱ्या माणसांना त्यात अवघडल्यासारखं होतं. मिश्र टीममध्ये मी तो टाळायला सांगेन.

आता चिठ्ठ्या. भांड्यात नावं टाकून एकेकाने उचलायची पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात एक गोची आहे. कुणालातरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते: टीम १० जणांची असो की ५० जणांची, साधारण ६३ टक्के. माणसं वाढली की प्रत्येकाला स्वतःचं नाव येण्याची शक्यता कमी होते, पण तशी माणसंही तितकीच वाढतात, म्हणून आकडा तिथेच राहतो. मग ‘अरे, मला मीच आलो’ म्हणून चिठ्ठी परत जाते, पुन्हा फेरी होते आणि गुपित फुटायला लागतं.

त्यावर एक चांगली युक्ती आहे, कार्डं आणि कात्री एवढंच लागतं. जितकी माणसं तितकी सारखी कार्डं घ्या. प्रत्येक कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागावर निळ्या शाईने आणि खालच्या अर्ध्या भागावर लाल शाईने एकच क्रमांक लिहा: पहिल्यावर १ आणि १, दुसऱ्यावर २ आणि २. वरचा भाग कुठला ते मागूनही ओळखू येईल अशी छोटी खूण पाठीवर करा. सगळी कार्डं पालथी घालून पिसा आणि खुणा वरच्या बाजूला येतील अशी एका ओळीत मांडा. प्रत्येक कार्ड मधोमध आडवं कापा. आता खालच्या तुकड्यांच्या ओळीतला डावीकडचा पहिला तुकडा उचलून उजवीकडे शेवटी न्या आणि बाकीचे एकेक घर डावीकडे सरकवा. वरचा आणि त्याखाली आलेला तुकडा, दोन्ही पालथेच ठेवून, टाचणीने जोडा. प्रत्येकाने एकेक जोडी उचलायची. निळा क्रमांक आपला, लाल क्रमांक ज्याला भेट द्यायची त्याचा. मग भिंतीवरच्या कागदावर प्रत्येकाने आपल्या निळ्या क्रमांकासमोर आपलं नाव लिहायचं. स्वतःला स्वतःचं नाव येऊच शकत नाही, आणि आयोजकालाही कुणाला कोण आलं ते कळत नाही. ‘सांग ना, माझं नाव कुणाला आलंय?’ म्हणून तुमचा पिच्छा पुरवणाऱ्यांना खरंखुरं उत्तर देता येतं: मलाच माहीत नाही.

साहेबांना या चिठ्ठ्यांत न घेतलेलं बरं. त्यांना हौस असेल तर त्यांनी सगळ्यांसाठी एकसारखं काहीतरी आणावं. घरून काम करणारे असतील तर पार्सल पोचायला वेळ धरून तारीख ठरवा, आणि घरचा पत्ता ग्रुपवर मागू नका. जो भेट पाठवणार आहे त्यालाच तो पोचवा. त्यासाठी पाठवणाऱ्याचं नाव तुम्हाला कळेल, तेवढं गुपित सोडावं लागतं. एखादी भेट जास्तीची तयार ठेवा, कुणी आजारी पडतं, कुणी नोकरी सोडून जातं. भेटी एकेक करून सगळ्यांसमोर उघडायला लावू नका. आणि हे काम दर वर्षी वेगळ्या माणसाकडे जाऊ द्या. ‘तीच छान करते’ म्हणून कौतुकाच्या आडून एकाच व्यक्तीवर ते लादलं जातं, आणि तिच्या कामाच्या वेळेतून ते वजा होतं.

भोचक प्रश्नांना तोंड कसं द्यायचं

सुट्ट्यांच्या दिवसांत चौकश्यांना ऊत येतो. सुट्टीत कुठे चाललीस, कुणाबरोबर, माहेरी का नाही, बोनस किती झाला, अजून लग्नाचं काही नाही का, मुलाचा विचार कधी. विचारणारे सगळे सारखे नसतात, हे आधी लक्षात घ्या. काहींना खरंच आपुलकी असते, काहींना लिफ्टमधली शांतता असह्य होते, आणि काहींना इथली बातमी तिथे न्यायची असते. पहिल्या दोघांशी कडू होऊ नका. तिसऱ्याला माहिती देऊ नका. ओळखायची सोपी खूण: तो तुमच्याकडे दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी आणतो का? आणत असेल तर तुमच्याही नेतो.

नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही म्हणूनच आपण नको ते बोलून जातो. उत्तर छोटं, गोड आणि बंद असावं, आणि लगेच चेंडू समोर जावा. ‘सुट्टीत विशेष काही नाही, आराम. तुमचं काय?’ ‘बोनसबद्दल मी कुणाशीच बोलत नाही, वर्षानुवर्षांची सवय आहे.’ ‘लग्नाचं ठरलं की सांगेनच.’ बहुतेक माणसांना विचारण्यापेक्षा सांगायला जास्त आवडतं, त्यामुळे ‘तुमचं काय?’ हा प्रश्न फार कामाला येतो.

तरी खोदून विचारणं थांबलं नाही तर शांतपणे, खरोखरच्या कुतूहलाने विचारा: ‘का विचारताय?’ बऱ्याच वेळा समोरच्याकडे उत्तर नसतं. त्यानेही भागलं नाही तर एकटं गाठून सांगा: ‘ताई, तुमच्याशी बोलायला मला आवडतं. फक्त माझ्या घरच्या गोष्टी मी ऑफिसात काढत नाही. त्या सोडून काहीही विचारा.’ हे सगळ्यांसमोर म्हटलं तर तिचा अपमान होतो. कोपऱ्यात म्हटलं तर बहुतेकदा ती ऐकते.

काही वेळा मात्र कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि सांगावंही. सँड्रा पेट्रोनिओ या संवादशास्त्राच्या अभ्यासक खासगी माहितीबद्दल एक उपयोगी गोष्ट मांडतात: आपण कुणाला गुपित सांगितलं की ती व्यक्ती त्या माहितीची सहमालक होते, आणि ती पुढे कुणाला सांगायची याचे नियम दोघांत स्पष्ट ठरले नसतील तर गोंधळ होतो. म्हणून अट आधी घाला. ‘हे तुझ्यापुरतंच ठेव, टीममध्ये कुणालाही नको’ असं आधी म्हणा आणि होकार आल्यावरच बोला. सांगून झाल्यावर घातलेली अट विनंतीच ठरते.

माणसांशी न बोलताही बरंच झाकता येतं. मोबाइलच्या बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. ऑफिसच्या कॅलेंडरवर डॉक्टरांची वेळ टाकताना ती नोंद खासगी करा, नाहीतर सगळ्या टीमला दिसते. खासगी पार्सल घरी मागवा. सोशल मीडियावर सहकाऱ्यांसाठी वेगळी यादी ठेवा. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो दिसला की ‘आराम’ या उत्तराची उलटतपासणी होते.

दुसऱ्याबद्दल तुम्हाला विचारलं तर? ‘तिने का भाग घेतला नाही, तुला माहीत असेल ना?’ माहीत असलं तरी उत्तर एकच: ‘ते तिलाच विचारा.’

प्रश्न साहेबांकडून आले तर उत्तराची पद्धत थोडी बदलते. सुट्टीच्या तारखा, तुमचं काम कोण पाहणार, तातडीला फोन लागेल का, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. त्याची उत्तरं पूर्ण आणि वेळेवर द्या. कामाची उत्तरं चोख मिळाली की ‘वैयक्तिक कारण आहे, सर’ एवढं बहुतेकांना पुरतं. तब्येत, गर्भारपण, धर्म, नातेसंबंध यांवर कुणीही, एकदा स्पष्ट सांगूनही, विचारत राहिलं तर तो भोचकपणा राहत नाही, छळ होतो. तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. एकदा ईमेलवर शांतपणे कळवा की या विषयावर मला प्रश्न नकोत. त्यानंतरही झालं तर ती नोंद आणि तो ईमेल घेऊन वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जा.

पुढच्या वर्षीची तयारी सुट्ट्या संपल्यावर

पद्धत बदलायची असेल तर ऐन धामधुमीत बोलू नका. तेव्हा सूचना केली की ती नाराजीसारखी ऐकू येते आणि तुम्ही कुणाच्या तरी उत्साहावर पाणी ओतताय असं होतं. सुट्ट्या संपून कामं रुळावर आली की दोन-तीन आठवड्यांनी आयोजकाला लिहा. त्यालाही तेव्हा आपले कष्ट आणि त्यातल्या अडचणी ताज्या आठवत असतात. आधी एखाद्या सहकाऱ्याशी बोलून घ्या. दोघांच्या नावाने गेलेली सूचना एकट्याचं गाऱ्हाणं वाटत नाही. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘या वेळचा कार्यक्रम तू छान जमवलास, त्यामागची धावपळ आम्ही पाहिली. पुढच्या वेळी दोन गोष्टी करून बघायच्या का? ज्यांना हवं त्यांनीच तुला वैयक्तिक कळवायचं, आणि रकमेची मर्यादा थोडी खाली आणायची. आयोजनात आम्ही दोघं मदत करू. भेटींऐवजी प्रत्येकाने प्रत्येकासाठी आभाराची एक ओळ लिहायची, असंही करता येईल. तुला काय वाटतं, ते सावकाश सांग.’